घर माझं, भिंत गल्लीची : मराठवाड्यातल्या घर-नियमांची गोष्ट

(धर्माबाद येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी दोन प्रश्न दिले आहेत.)



आज राजे-रजवाडे नाहीत, लढाया नाहीत. आजचा विषय ऐकून काही जण म्हणाले, "यात इतिहास कसला?" विषय असा : आपलं घर, आपलं अंगण, आपली मोरी आणि आपली भिंत ही नीट, स्वच्छ, धोका होणार नाही अशी ठेवायची, हा नियम कोणी कोणाला घालून दिला? आणि तो पाळला नाही तर काय होतं?

माझ्या आजीचं घर माळवदाचं होतं. मृग लागायच्या आत घरातली सगळी माणसं माळवदावर चढायची. पांढरी माती आणायची, पसरायची, पाणी मारून चोपायची. पन्हाळ साफ करायची. गळती लागू नये म्हणून दर वर्षी मातीचा एक नवा थर. ज्या घरच्या माळवदावर वेळेत माती पडली नाही, त्या घराला गल्ली नावं ठेवायची. "त्यांच्यात कोणी करणारं उरलं नाही," असं म्हणायचे. हा नियम कुठल्या पुस्तकात नव्हता, पण पुस्तकातल्या नियमापेक्षा कडक होता. ही दर वर्षीची माती लक्षात ठेवा. तिच्याकडे मी परत येणार आहे, कारण या गोष्टीतला सगळ्यात कडू भाग तिथे आहे.

काळी आणि पांढरी

आपल्या जुन्या कागदांत गावाचे दोन भाग असतात. काळी म्हणजे शेतजमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यान् पिढ्या मातीची घरं पडायची, त्याच जागी नवी उठायची, चुलीची राख आणि भिंतींची माती साचत जायची. त्यातून वस्तीखालची जमीन उंच आणि पांढुरकी होत गेली. पण पांढरी हा शब्द केवळ मातीपुरता नव्हता. पांढरी म्हणजे गाव, गावची माणसं, गावची जबाबदारी. पाटलावर काळीची जबाबदारी होती तशी पांढरीचीही होती.

या पांढरीत घर माझं असलं तरी त्याच्या कडा माझ्या एकट्याच्या नसत. भिंत सामाईक, पन्हाळीचं पाणी कोणाच्या अंगणात पडायचं ते ठरलेलं, मोरीचं तोंड कुठे काढायचं ते ठरलेलं, उकिरडा कुठपर्यंत ते ठरलेलं. तंटा झाला की चावडीवर पंच बसायचे. आजही गल्लीतली निम्मी भांडणं पाण्यावरून आणि भिंतीवरून होतात, हो की नाही? ती भांडणं फार जुनी आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातसुद्धा शेजाऱ्याच्या भिंतीपासून मोरी किती अंतरावर असावी याचे नियम आहेत. रस्त्यावर केर टाकणाऱ्याला एक अष्टमांश पण दंड, चिखलपाणी करून वाट अडवणाऱ्याला पाव पण, आणि राजमार्गावर तेच केलं तर दुप्पट. उन्हाळ्यात आगीच्या भीतीने घरोघरी पाण्याची भांडी, शिडी, कुऱ्हाड तयार ठेवावी, असंही त्यात सांगितलं आहे. थोडक्यात, तुझ्या घराची आग माझ्या घराला लागते, म्हणून तुझं घर हा माझाही विषय आहे. घर-नियमांचं सगळं शास्त्र या एका वाक्यात येतं.

मराठी कागदांतलं उत्तम उदाहरण म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. त्यातल्या गडांच्या प्रकरणात स्वच्छतेची सूचना आहे. गडावरच्या वाटांवर, बाजारात, तटाच्या कडेने केरकचरा पडू देऊ नये. आणि तो गडाखाली ढकलून मोकळं व्हायचं नाही. जागच्या जागी जाळायचा, राख परसात टाकायची आणि त्यावर घरोघरी भाजीपाला करायचा. आज आपण ओला कचरा, सुका कचरा, जागच्या जागी विल्हेवाट असं सगळं बोलतो. ते तीनशे वर्षांपूर्वी गडावरच्या घरांना सांगितलेलं आहे. दारूखाना राहत्या घरांजवळ नसावा, हेही तिथेच आहे.

पांढरी स्वच्छ कोणी ठेवली?

इथे थोडं थांबू. जुन्या गावाचं कौतुक करताना एक प्रश्न आपण नेहमी गाळतो. नियम गावाचा होता, पण झाडू कोणाच्या हातात होता?

मेलेली जनावरं ओढून नेणं, चावडी झाडणं, वेस राखणं ही कामं जातीने ठरलेली होती. ज्यांनी पांढरी राखली, त्यांना पांढरीच्या बाहेर राहावं लागलं. शेजाऱ्याची मोरी, सामाईक भिंत, पंच, या सगळ्या व्यवस्थेत त्यांना बाजू मांडायला जागा नव्हती. मुंबई इलाख्यात बाबासाहेबांनी १९२८ साली कायदेमंडळात विधेयक आणलं ते या वतनी कामांच्या विरोधात. वतन म्हणजे मान, असं आपण समजतो. बाबासाहेबांचं म्हणणं असं की हे वतन म्हणजे बेडी आहे.

तेव्हा "पूर्वी गाव कसं आरशासारखं होतं" असं कोणी म्हणालं की विचारावं : आरसा पुसायचं काम कोणाकडे होतं, आणि त्याला नाही म्हणता येत होतं का? १९९३ साली संसदेने कोरड्या संडासांवर आणि मैला वाहून नेण्याच्या कामावर बंदी घालणारा कायदा केला. २०१३ साली त्याहून कडक कायदा आला. त्यात घरमालकावर थेट जबाबदारी आहे : असा संडास असेल तर तो स्वतःच्या खर्चाने पाडावा किंवा बदलावा. घर-नियमांच्या इतिहासात मला हा कायदा फार मोठा वाटतो. बाकीचे नियम शेजाऱ्याला जपतात. हा नियम त्या माणसाला जपतो ज्याला आपण शेजारीसुद्धा मानलं नव्हतं.

सरकार उंबरठ्याच्या आत आलं

आता एकोणिसाव्या शतकात येऊ. इंग्रजी मुलखात १८५० च्या सव्विसाव्या कायद्याने गावच्या लोकांनी मागणी केली तर नगरपालिका काढता यायची. पुण्याची नगरपालिका १८५७ ची. रस्ता, दिवा, गटार ही तिची कामं. पण ती कामं उंबरठ्याच्या बाहेरची. सरकार उंबरठ्याच्या आत शिरलं ते प्लेगमध्ये.

१८९६-९७ चा प्लेग. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला. मुंबईत घरांवर शिक्के पडू लागले की हे घर माणसाने राहण्यालायक नाही. उजेड-वारा यावा म्हणून कौलं काढली, भिंतींना चुना मारला, सामान जाळलं. पुण्यात गोऱ्या सैनिकांकडून घरझडती झाली. देवघरापर्यंत, माजघरापर्यंत परकी माणसं गेली. पुढे रँडवर गोळी झाडली गेली ती २२ जून १८९७ च्या रात्री. तो इतिहास आपल्याला पाठ आहे.

मला त्यातली दुसरी बाजू सांगायची आहे. चुना मारणं चूक होतं का? उजेड आत येऊ देणं चूक होतं का? नाही. चूक होती ती रीत. घरातल्या माणसाला न विचारता, न समजावता, बंदुकीच्या धाकाने केलेली स्वच्छता. तेव्हापासून "घर तपासायला आलोय" हे वाक्य ऐकलं की आपल्या मनात दार लावून घ्यावं असं येतं.

आपण मात्र तेव्हा इंग्रजांच्या मुलखात नव्हतो, निजामाच्या राज्यात होतो. १९०० च्या सुमारास हैदराबाद-मनमाड रेल्वे झाली आणि धर्माबादला गाडी थांबू लागली. मिरचीचा बाजार, अडत, गोदामं, हे या गावाचं रूप त्या रुळांच्या आधाराने वाढलं. हैदराबाद शहरात २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला. त्यानंतर विश्वेश्वरय्यांना बोलावलं, १९१२ साली शहर सुधारणा मंडळ निघालं, दाट वस्त्या मोकळ्या केल्या. पण ही सुधारणा राजधानीची. मराठवाड्याच्या गावांपर्यंत त्यातलं फार थोडं पोचलं.

एक कायदा, दोन राज्यं

आता एक गंमत. इथून बासरला सरस्वतीच्या दर्शनाला आपण सहज जाऊन येतो. आज ते तेलंगण. पण १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी मुधोळ, भैंसा, कुबेर ही मंडळं आपल्याच नांदेड जिल्ह्यात होती. भाषावार प्रांतरचनेत ती तिकडे गेली आणि किनवट इकडे आलं.

त्याच १९५६ साली हैदराबाद राज्याने जिल्ह्यांतल्या नगरपालिकांसाठी कायदा केला होता. म्हणजे राज्य मोडलं, पण नगरपालिकांचा कायदा दोन्हीकडे तोच राहिला. पुढे १९६५ साली आंध्र प्रदेशाने आपला नगरपालिका कायदा केला आणि त्याच साली महाराष्ट्रानेही आपला केला. आज धर्माबादला लागू आहे तो हा १९६५ चा महाराष्ट्राचा कायदा. तेलंगणात २०१९ साली नवा आला. तिकडची आणि इकडची भिंत एकाच मातीची, पण तिला नोटीस द्यायची ती वेगळ्या कायद्याने.

आपल्या कायद्याचा गाभा सोपा आहे. मोडकळीला आलेली, पडायला झालेली इमारत असेल तर नगरपालिका मालकाला सांगू शकते : दुरुस्त करा, आधार द्या, नाहीतर उतरवा. त्याशिवाय फौजदारी प्रक्रियेत कलम १३३ होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते १५२ झालं आहे. धोकादायक भिंत, रस्त्याकडेचं झुकलेलं झाड, कठडा नसलेली विहीर, अशा गोष्टींबाबत कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे आपल्याकडे तहसीलदार, प्रांत वगैरे, आदेश काढू शकतात.

आणि नगरपालिकाच हात वर करते तेव्हा? मध्य प्रदेशातल्या रतलामचं प्रकरण बघा. गटारं नाहीत, घाण रस्त्यावर. नगरपालिका म्हणाली, पैसे नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली सांगितलं की पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. तो आदेश याच कलम १३३ खालचा होता. एका मध्यम गावातल्या एका गल्लीतल्या रहिवाशांनी लावून धरलेलं ते प्रकरण आहे, हे विसरू नका.

३० सप्टेंबर १९९३

आता त्या माळवदाच्या मातीकडे.

गणपती विसर्जनानंतरची पहाट. तीन वाजून छप्पन्न मिनिटं. किल्लारी. धक्का साधारण ६.२ ते ६.४ तीव्रतेचा. जगात याहून मोठे भूकंप दर वर्षी कुठे ना कुठे होतात. पण लातूर-उस्मानाबादकडे सुमारे आठ हजार माणसं गेली. का?

तज्ज्ञांनी पडलेली घरं पाहिली तेव्हा तीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. भिंत दगडाची, दोन फुटांहून जाड, कुठे त्याहून कितीतरी जास्त. आपल्याला वाटतं, जाड म्हणजे मजबूत. पण ती एक भिंत नव्हती. बाहेरून एक दगडी थर, आतून एक, मध्ये लहान दगड आणि माती. दोन्ही थरांना बांधणारा आरपार लांब दगड नाही. हादरा बसला की दोन्ही थर सुटले, एक आत, एक बाहेर. वर माळवद. वर्षानुवर्षं, मृगाच्या आधी, थरावर थर. कुठे फूट, कुठे दोन फूट माती.

म्हणजे ज्या घराची निगा सगळ्यात जास्त राखली, त्याच्या माथ्यावर सगळ्यात जास्त ओझं. माझ्या आजीला जो नियम गल्लीने शिकवला, तो पावसापुरता बरोबर होता. भूकंपाची आठवण कोणालाच नव्हती, त्यामुळे तो नियम कोणी तपासून पाहिला नव्हता. अनेक ठिकाणी लाकडी खांब आणि तुळया उभ्या राहिल्या, भिंती मात्र पडल्या. उत्तर घरातच होतं. सांगाड्यावर छत तोलायचं, भिंत हलकी आणि बांधलेली ठेवायची.

सरकारी नकाशात किल्लारी तेव्हा सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. म्हणजे गल्लीला माहीत नव्हतं, सरकारलाही माहीत नव्हतं. २००२ च्या सुधारित नकाशात तो भाग तिसऱ्या पट्ट्यात आला. बावन्न गावं नव्या जागी वसवली. बाकी गावांत दुरुस्ती आणि मजबुतीचा मोठा कार्यक्रम झाला. गवंड्यांना शिकवलं की भिंतीत ठरावीक अंतराने आरपार दगड घाला, कोपरे बांधा, दारा-खिडक्यांवरून काँक्रीटचा सलग पट्टा फिरवा, माळवदावरची जादा माती उतरवा.

नव्या गावांत रस्ते रुंद झाले, घरं सुटी-सुटी झाली. पण जुना शेजार मोडला. कोणाची भिंत कोणाला लागून होती, ती ओळख गेली. सुरक्षित घर दिलं आणि गल्ली राहून गेली, ही खंत तिथले लोक सांगतात. भिंत फक्त पडत नाही मंडळी, ती जोडतेसुद्धा.

नांदेडचा खड्डा

कडू सांगितलं, आता थोडं गोड.

आपल्या जिल्ह्यातच, हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी नावाचं गाव आहे. गावात उघडी गटारं, त्यात सांडपाणी, त्यावर डास, मग ताप. या गावाने गटारं बांधायच्या ऐवजी गटारं बंद करायचं ठरवलं. घरोघरी शोषखड्डा. साधारण चार फुटांचा खड्डा, मध्ये भोकं पाडलेलं भांडं किंवा टाकी, भोवती लहान-मोठे दगड. मोरीचं पाणी त्यात जातं, गाळ खाली बसतो, पाणी जमिनीत जिरतं. रस्त्यावर पाणी नाही, म्हणून डास नाहीत. पुढे जिल्हा परिषदेने ही रीत जिल्हाभर नेली आणि 'नांदेड पॅटर्न' म्हणून ती इतर जिल्ह्यांत गेली.

यातली मेख बघा. खड्डा प्रत्येकाच्या खासगी जागेत. पण दहा घरांनी केला आणि अकराव्याने नाही केला, तर डास अकराव्याच्या घरून सगळ्यांकडे येणार. म्हणून तो नियम सगळ्यांचा असावा लागतो. आधी पटवलं, मग केलं, आणि लोकांनी डोळ्यांनी फरक पाहिला.

असंच नारूचं झालं. पायऱ्यांच्या विहिरीत माणसं उतरायची, पाय पाण्यात बुडायचे आणि नारू पसरायचा. १९८३ पासून नारू निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम चालली. पायऱ्या बंद करा, विहिरीला कठडा बांधा, पाणी गाळून घ्या. फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. इथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, नारू काय होता ते.

मग अडतं कुठे?

आपल्या जुन्या पेठेत फिरून या. वाडा पडायला आलाय. मालक कोण? आजोबांच्या नावावर आहे. वारस अकरा. तीन पुण्यात, दोन हैदराबादला, एक परदेशात. नोटीस चिकटवायची ती दारावर, आणि दाराला दहा वर्षं कुलूप. दुरुस्तीला पैसे कोण देणार? कोणीच नाही. विकायचं तर सगळ्यांच्या सह्या पाहिजेत. दर पावसाळ्यात मराठवाड्यात घरांच्या पडझडीचे पंचनामे होतात. पंचनामा होतो तो पडल्यानंतर. पडायच्या आधी तेवढ्याच तत्परतेने भिंत बघायला कोणी येत नाही, आणि आलं तर आपण दार उघडत नाही.

चार गोष्टी या इतिहासातून मला दिसतात. नियम शेजाऱ्यांना पटलेला हवा, नाहीतर त्याचा प्लेग होतो. नियमाला ज्ञान हवं, नाहीतर त्याचं किल्लारी होतं. नियमाचं ओझं एकाच जातीच्या पाठीवर नको. आणि ज्याला पाळायचं आहे पण परवडत नाही, त्याला नोटिशीबरोबर मदतही हवी. विधवा बाईच्या कुडाच्या भिंतीला आणि कुलूपबंद वाड्याला एकच कागद पाठवणं हा न्याय नव्हे.

घर पाहावं बांधून, असं आपण म्हणतो. बांधणं एकदाच होतं. राखणं मात्र दर वर्षी मृगाच्या आधी असतं. तेव्हा या वर्षी माळवदावर किंवा स्लॅबवर चढाल तेव्हा दोन गोष्टी बघा. पाणी कुठे मुरतंय ते, आणि आपल्या घराचं ओझं कोणाच्या डोक्यावर आहे ते.



प्रश्नोत्तरे

*श्रोता : मी भाड्याच्या घरात राहतो. भिंतीला चीर गेलीय. मालक म्हणतो, तुम्ही बघा.*

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ जिथे लागू आहे तिथे घर दुरुस्त ठेवणं हे मालकाचं कर्तव्य आहे. त्याने नाहीच केलं तर भाडेकरू किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त वळता करता येत नाही. तुमच्या जागेला तो कायदा लागू आहे का, हे आधी वकिलाला विचारा. आणि चीर आडवी आहे की तिरकी, वाढतेय का, हे गवंड्याला दाखवा. कागद चालेल तोवर चालेल, पण आज रात्री त्या भिंतीखाली मुलांना झोपवू नका.

*श्रोता : मग आता माळवदावर माती टाकायची की नाही?*

(हशा) गळत असेल तर टाकणारच ना तुम्ही. पण नवा थर द्यायच्या आधी जुना थर खरवडून उतरवा. जेवढी चढवाल तेवढी आधी काढा. माझ्या आजीला हे सांगायला कोणी नव्हतं. तुम्हाला मी सांगितलंय.